वॉकीटॉकी की मोबाईल? घाटातला एक जुना प्रश्न

पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर उभं राहून कधी फोन लावायचा प्रयत्न केला असेल, तर या लेखातला निम्मा मुद्दा तुम्हाला आधीच माहीत आहे. रेंजच्या काड्या चार दिसतात, फोन मात्र लागत नाही. आपलं त्यानं फार बिघडत नाही. मित्र नक्की कुठल्या भजीवाल्याकडे थांबलाय ते कळत नाही, एवढंच. पण त्याच पायऱ्यांवर ज्याला कामासाठी उभं राहावं लागतं, म्हणजे पोलीस, नगरपरिषदेचा माणूस, बचाव पथकातला कार्यकर्ता, त्याच्या हातात काय असावं? मोबाईल की वॉकीटॉकी?

हापिसात हा प्रश्न विचारला तर दोन मिनिटांत निकाल लागतो: "वॉकीटॉकी? २००२ साल आहे का?" मलाही तसंच वाटायचं. पण मावळाकडे जरा मागे वळून पाहिलं तर लक्षात येतं की हा प्रश्न इथे दीडशे वर्षं वेगवेगळ्या रूपांत येतोय, आणि दर वेळी उत्तर यंत्राकडे बघून दिलं की फसतं. 'पल्ला किती' आणि 'खर्च किती' हे आपण हमखास विचारतो. 'ऐकणार कोण' हे विचारायचं राहून जातं.

सुरुवात रेल्वेपासून करू. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. बोगदे, पूल आणि सततचा उतार. अशा ठिकाणी वर गाडी निघाली हे खाली कळायला हवं, म्हणून रुळांबरोबर तारायंत्राची तार आलीच. पण मला यातली सर्वात आवडती गोष्ट तार नाही, ती म्हणजे कॅच सायडिंग. घाट उतरणाऱ्या गाडीला मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबावं लागतं. सांधे आधीपासूनच आडवाटेच्या, चढावर जाणाऱ्या रुळाकडे लावलेले असतात. गाडी नीट थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मगच मुख्य रूळ मिळतो. ब्रेक गेले असतील तर गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. कोणी कोणाला काही कळवायची गरजच नाही! निरोप पोचलाच नाही तरी सुरक्षित, अशी ही रचना. आपण ज्याला 'फेल-सेफ डिफॉल्ट' म्हणून मिरवतो ते इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांच्या काळापासून घाटात आहे.

पुढे आला कंट्रोल फोन. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एका सेक्शनमधली सगळी स्टेशनं एकाच तारेला जोडलेली. मधोमध कंट्रोलर कानाला हेडफोन लावून बसलेला. कुठल्याही स्टेशन मास्तरने रिसीव्हर उचलला की चालू असलेलं बोलणं त्याला ऐकू येतं. कंट्रोलरने एका स्टेशनला "मालगाडी बाजूला घ्या, मागून एक्स्प्रेस येतेय" असं सांगितलं की शेजारच्या स्टेशनला ते वेगळं सांगावं लागत नाही, त्यानं ऐकलेलंच असतं. म्हणजे तार असूनही वागणं रेडिओचं. रेल्वेने पुढे ड्रायव्हर आणि गार्डला व्हीएचएफ वॉकीटॉकी दिले, नंतर अधिकाऱ्यांना क्लोज्ड यूजर ग्रुपचे मोबाईलही दिले (२०१९ च्या जानेवारीत ते सगळे एका कंपनीकडून दुसरीकडे गेले), पण कंट्रोल फोन काढून मोबाईल द्या, असं शहाण्या माणसाने सुचवलेलं नाही.

आता पोलिसांकडे. गाडीत रेडिओ बसवायचा प्रयोग अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली यशस्वी केला, पण तो एकतर्फी होता. मुख्यालय बोलणार, गाडी ऐकणार. गाडीतूनही बोलता येईल अशी व्यवस्था न्यू जर्सीतल्या बेयॉन या छोट्या गावाने १९३३ साली केली. लक्षात घ्या, न्यूयॉर्कने नाही, बेयॉनने. छोट्या संस्थेला माणसं कमी असतात, म्हणून तिला याची गरज जास्त.

गंमत म्हणजे त्याच १९३३ साली आपल्याकडे इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट आला. तिकडे गावचा पोलीस गाडीतून बोलायला लागला आणि इकडे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला. सरकारला भीती कशाची होती ते १९४२ साली दिसलंच. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत, आणि नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत सरकारच्या नाकी नऊ आणले. स्वातंत्र्य आलं, कायदा तोच राहिला. फ्रिक्वेन्सी दिल्लीतून मिळणार, १९५२ साली स्थापन झालेल्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून. उंच अँटेना उभारायचा तर वेगळी मंजुरी, सेट बाळगायचा परवाना, दरवर्षी रॉयल्टी. पोलिसांचं ठीक आहे. राज्याच्या पोलीस बिनतारी विभागाचं मुख्यालयच पुण्यात आहे, त्यांच्याकडे हे करायला माणसं आहेत. पण एखाद्या लहान नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाने काय करायचं? तिथे दिल्लीला पत्र लिहिणारा कारकून आणि पाण्याची टाकी कधी भरणार ते सांगणारा कारकून बहुधा एकच असतो.

या पार्श्वभूमीवर मोबाईल आला. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी सुखराम यांना देशातला पहिला कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. त्या दरात कुठलंही सरकारी खातं मोबाईलच्या वाटेला जाणं शक्य नव्हतं. पुढच्या सात-आठ वर्षांत चित्र पालटलं. २००२ च्या अखेरीस रिलायन्स आली, २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं, आणि दुकानात जाऊन फोटो आणि झेरॉक्स दिली की तासाभरात सिम मिळू लागलं. एका बाजूला दिल्लीची फाईल, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यावरचं दुकान. लहान संस्था मोबाईलकडे गेल्या त्याचं कारण बरेच जण 'तंत्रज्ञान सरस होतं' असं सांगतात. मला ते पटत नाही. कागदपत्रं कमी होती, हे खरं कारण. (आपणही अर्ध्या लायब्ररी याच कारणासाठी निवडतो, तेव्हा हसू नका.)

याच वर्षांत मावळचं रूपही बदलत होतं. एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला आणि पुणे-मुंबईची अख्खी आयटी जनता शनिवार-रविवारी लोणावळ्यात उतरू लागली. प्रत्येकाच्या खिशात एक फोन. आता थोडं गणित, कारण त्याशिवाय हा ब्लॉग हा ब्लॉग राहणार नाही :)

जीएसएममध्ये एका कॅरियरचे आठ टाईमस्लॉट. पहिल्या कॅरियरवरचा निदान एक स्लॉट नियंत्रणाला जातो, उरले सात. टॉवरच्या एका दिशेला दोन कॅरियर असतील तर चौदा-पंधरा. म्हणजे त्या काळात समोरच्या डोंगरउतारावर हजार माणसं असोत की पाच हजार, एका वेळी बोलणार पंधरा. सोळाव्याला काड्या पूर्ण दिसतात, कारण काड्या सिग्नलची ताकद दाखवतात, रिकामी जागा दाखवत नाहीत. आज फोर-जी, फाईव्ह-जीत क्षमता कितीतरी वाढली आहे, पण प्रत्येक जण व्हिडिओही चढवतोय, त्यामुळे तत्त्व तेच. सिमकार्डात 'ॲक्सेस क्लास' नावाची सोय पहिल्यापासून आहे: ० ते ९ आपण सामान्य, ११ ते १५ खास लोक. गर्दीत सामान्यांना रोखून खास लोकांना वाट द्यायची. पण ही सोय चालू करणं कंपनीच्या हातात. नगरपरिषदेनं दुकानातून घेतलेल्या सिमवर ती नसते. बचावकार्याचा प्रमुख आणि रील टाकणारा कॉलेजकुमार नेटवर्कच्या दृष्टीने सारखेच. लोकशाही म्हणून छान आहे, पण पाणी वाढत असताना नाही.

याची मोठी परीक्षा २६ जुलै २००५ ला झाली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, मुंबईत लाखो मोबाईल आणि लँडलाईन कित्येक तास ठप्प. आपल्याकडे घाटात दरडी आल्या आणि एक्स्प्रेसवे चोवीस तास बंद ठेवावा लागला, त्याच्या इतिहासात पहिल्यांदा. त्या दिवशी नेटवर्क का बसलं याची कारणं अगदी साधी आहेत: टॉवरची वीज गेली, बॅटरी काही तासांची, जनरेटरपर्यंत डिझेल नेणारी गाडी त्याच पुरात अडकलेली. आणि जे टॉवर चालू राहिले त्यांच्यावर सगळे एकदम तुटून पडले. वॉकीटॉकीला हे सगळं लागत नाही, कारण मध्ये टॉवरच नाही. दोन सेट, दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, संपलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या डोक्यात सहसा येत नाही. दोन मोबाईल दहा मीटरवर असले तरी एकमेकांशी बोलत नाहीत. दोघेही दूरच्या टॉवरशी बोलतात. आता नागफणीचा कडा डोळ्यांसमोर आणा. वर दोर धरून उभा असलेला माणूस आणि खाली दरीत स्ट्रेचरपाशी असलेला माणूस. वरच्याला रेंज आहे, कारण माथ्यावर खोपोली-कर्जतकडचे टॉवरही समोर येतात. खालचा डोंगराच्या सावलीत. कंपन्या टॉवर लावतात ते गाव आणि हायवेकडे तोंड करून, दरीच्या तळाकडे कोण बघणार? मग दोघांमध्ये अंतर दोनशे फूट आणि संपर्क शून्य. पाच वॉटचा व्हीएचएफ सेट असेल तर हे अंतर काहीच नाही. रेडिओलाही डोंगर आडवा येतोच, त्याला काही जादू येत नाही. पण तिथे एक माणूस कड्याच्या टोकावर बसवता येतो, जो खालचं ऐकून वर सांगेल आणि वरचं खाली. हाडामांसाचा रिपीटर! सह्याद्रीत हा उपाय रेडिओपेक्षा जुना आहे. राजमाची, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांची टोकं एकमेकांकडे बघत उभी आहेत ती उगाच नाहीत.

मग मोबाईल टाकाऊ का? मुळीच नाही. संकटात सापडलेल्या माणसाकडे वॉकीटॉकी नसतो, फोन असतो. पहिला निरोप नेहमी फोनवरूनच येणार. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाईन नंबर किंवा ११२ यांचं मोल तिथे आहे. ११२ तर तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, हे ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. शिवाय लोकेशन पाठवता येतं, फोटो पाठवता येतो. आणि निरोपच आला नाही तर काय होतं, ते ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला दिसलं. दीडशेहून जास्त माणसं दरडीखाली गेली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते तिथे पोचलेल्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे.

म्हणजे बाहेरून आत येणारा निरोप मोबाईलचा. प्रश्न उरतो तो आतल्या बोलण्याचा, आणि तिथे पुन्हा तोच मुद्दा: ऐकणार कोण? मोबाईल युनिकास्ट आहे. पथकप्रमुखाला सात जणांना "पाणी सोडलंय, बाहेर या" सांगायचं तर सात कॉल. प्रत्येक कॉल लागायला काही सेकंद, त्यात एक बिझी, एक नॉट रीचेबल. रेडिओ ब्रॉडकास्ट आहे, एकदा बटण दाबलं की सातही जण ऐकतात. शिवाय ज्याला काही सांगायचं नव्हतं त्यालाही परिस्थिती कळत राहते. व्हॉट्सॲप ग्रुपही सगळ्यांना जातो हे खरं, पण तो वाचायला फोन खिशातून काढावा लागतो. दोन्ही हात दोरावर असताना वाचणार कसं?

'सगळे ऐकतात' याची आणखी एक बाजू आहे, आणि सार्वजनिक संस्थेसाठी ती मला सर्वात महत्त्वाची वाटते. कंट्रोल रूमशी रेडिओवर झालेल्या बोलण्याची नोंद राहते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे शहीद झाले. त्या रात्री नेमकं काय घडलं, मदत कोणी कधी मागितली, हे शोधण्यासाठी त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या बिनतारी संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. त्यावर त्यांचं 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक २००९ साली आलं. त्या नोंदींच्या अर्थावरून वाद झाले, ते होणारच. पण वाद घालायला नोंद तरी होती. तेच बोलणं खासगी मोबाईलवरून झालं असतं तर कोणी कोणाला किती वाजता फोन केला एवढंच उरलं असतं, काय म्हटलं ते नाही. सार्वजनिक पैशानं चालणाऱ्या संस्थेनं आपलं कामाचं बोलणं कुठे करावं, याचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करतं का?

मधला मार्ग म्हणून 'पुश टू टॉक' मोबाईल आले होते. अमेरिकेत नेक्स्टेल कंपनीने फोनलाच वॉकीटॉकीचं बटण दिलं, आणि ठेकेदारांपासून सरकारी खात्यांपर्यंत लोक त्याच्या प्रेमात पडले. २००५ साली नेक्स्टेल स्प्रिंटमध्ये विलीन झाली, ३० जून २०१३ ला ते नेटवर्क बंद झालं, आणि सगळ्यांचे सेट एका दिवसात पेपरवेट झाले. आपल्याकडे सीडीएमएचे फोन असेच गेले, एअरसेल २०१८ साली दिवाळखोरीत गेली, त्याआधी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सेवा भाड्याची असते, घरमालकाने घर विकलं की सामान बाहेर. हल्ली बाजारात दिसायला थेट वॉकीटॉकी पण आत सिम असलेले सेट मिळतात. 'देशभर पल्ला' अशी त्यांची जाहिरात असते, आणि ती खोटी नाही. फक्त देशात जिथे टॉवर चालू आहे तिथेच. दरीत गेलं की तो पुन्हा फोनच, न लागणारा. घेणाऱ्या साहेबाला हे कोणीतरी टेंडर निघायच्या आधी सांगायला हवं.

रेडिओवाल्यांचं सगळं छान चाललंय असंही नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या परिसराचा विचार करा: धरण रेल्वेचं, मागचं जंगल वनखात्याचं, शहर नगरपरिषदेचं, बंदोबस्त पोलिसांचा, शोधाला शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते, जवळच नौदलाची आयएनएस शिवाजी, आणि तालुक्यातच सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन. परवान्याची पद्धतच अशी आहे की प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायला मनाई. त्यामुळे प्रत्येकाने उत्तमातला उत्तम सेट घेतला तरी एकाचं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही. खात्याखात्यांतला दुवा पुन्हा मोबाईलच. माझ्या मते लहान संस्थेनं सेट कुठल्या कंपनीचे याच्या आधी शेजारच्या संस्थेला कुठल्या चॅनलवर ऐकू जाणार, हे लेखी ठरवून घ्यावं. तालुक्याला एक समाईक चॅनल मिळाला तर दहा नव्या सेटांपेक्षा जास्त उपयोग होईल.

परवान्याचं ओझं आता थोडं हलकं झालंय. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे सेट परवान्याविना वापरायला मोकळीक दिली. धबधब्याच्या वर एक आणि खाली एक माणूस उभा करायला तेवढं पुरतं, घाट ओलांडायला नाही. ऑनलाईन मिळणारे सगळे स्वस्त सेट या पट्ट्यातलेच असतात असं मात्र समजू नका. बेकायदा वॉकीटॉकी विकल्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली ई-कॉमर्स कंपन्यांना धारेवर धरलं होतं. संस्थेच्या नावावर असा सेट घेणाऱ्याने आधी फ्रिक्वेन्सी वाचावी, मग किंमत.

आणि सेट आले म्हणून बोलता येतंच असं नाही. मोबाईलवर वाढलेल्या आपल्या पिढीला दोघांनी एकदम बोलायची सवय आहे. रेडिओवर एकानं बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं, मग दुसऱ्यानं. घाईत माणूस बटण दाबता दाबताच बोलायला लागतो आणि पहिला शब्द हवेत जातो. वरून ओरडला "नको सोडू!", खाली ऐकू आलं "सोडू!". दोराच्या दोन टोकांना माणसं असताना हा विनोद नाही. म्हणून बटण दाबून एक श्वास थांबायचं आणि मग बोलायचं. शब्दही आधीच ठरवून घ्यायचे. दोर थांबवायचा असेल तर 'थांब' बरा, दोनदा म्हणावा. त्यातला अर्धा तुटला तरी उरलेल्याचा उलटा अर्थ होत नाही.